जांभा हाड ठेवत नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, चोरिसांच्या माळांपलीकडे,
कॉन्स्तांसियु कुलुपं विकतो, किल्ल्या नसलेली.
त्याच्याकडून हे चित्र घेतलं अडीचशेला:
कुठल्याशा प्रवासवर्णनातून फाडलेलं पान,
तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं.
खाली नदीचं नाव, तेही चुकलेलं.
डोंगर बर्फाच्या देशातले, माड छत्र्यांसारखे.
कोरणारा इथं कधी आला नसणार.
कुणी सांगितलं असेल, झाड उंच, डोक्यावर झुपका;
त्यानं मान डोलावून सळई हातात घेतली असेल.

आणि डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा, एक बैल.
वशिंड नाही.
डोंगर केवढा ते कळावं म्हणून उभा केलेला,
पारड्यात माप ठेवतात तसा.

माझं काम बैलाचंच आहे.
म्हणजे दाढेचं.
नर्मदेच्या गाळातल्या अकरा दाढा, चार वर्षं,
ताळगावची प्रयोगशाळा, आणि दातांच्या डॉक्टरकडे असते तशीच ड्रिल.
आवाजही तोच.
चिमूटभर भुकटी निघते. तिच्यातून अक्षरं वाचायची,
चारच अक्षरं, फिरूनफिरून तीच, मधे मोठाली भगदाडं.
उष्ण देशात अक्षरं लवकर विरतात.
दहा दाढा गप्प राहिल्या.
अकरावी बोलली, तीही तोंडात घास असल्यासारखी.

रानबैल. खांद्याशी माणसाएवढा.
त्याच्या रक्ताचा थेंब आपल्या गोठ्यातल्या पाड्यात आहे की नाही,
एवढंच विचारायचं आहे मला.
प्रबंधात मी लिहिते 'नामशेष', पुढे प्रश्नचिन्ह.
सर दर खेपेला प्रश्नचिन्ह खोडतात.

गोव्यातली एकही दाढ माझ्याकडे नाही.
जांभा हाड ठेवत नाही.
तांबडी, आंबट माती; पुरलेलं सगळं पिऊन टाकते.
सातवीत असताना मी परसातली आमची कुत्री
पुन्हा खणून बघितली होती,
आणि पट्ट्याचं बक्कल तेवढं सापडलं होतं.

म्हणून रिवणच्या पुढे, उसगाळीमळला.
कुशावतीच्या काठी खडक आडवा पसरलेला,
भर दुपारी कोरा.
रखवालदार सोयरू वेळीप चप्पल काढतो,
नदीतून कळशी भरून आणतो,
आणि सारवणाला शिंपडावं तसं पाणी हातानं फिरवतो.
बैल उठतो.
आधी शिंगं, मग पाठीची कमान,
मग पोटातली ती आडवी रेघ, जिचा अर्थ कुणालाच लागलेला नाही.

वशिंडाच्या जागी नेमकी खडकाला भेग.

मी गुडघे टेकून टेप लावते.
याच्या मागे डोंगर नाही, झाड नाही, क्षितिज नाही.
नदीसुद्धा कोरलेली नाही.
कशाला कोरेल? ती त्याच्या पाठीशी वाजत असणार,
घोट्यापर्यंत येऊन बसली असणार,
आणि दगडाची कपची बोथट झाली की
धार लावायला तीच.

सोयरूला मी फायलीतलं चित्र दाखवलं.
त्यानं ते दूर धरलं, जवळ धरलं.
डोंगरांबद्दल एक शब्द नाही, माडांना हसला नाही.
कोपऱ्यातल्या बैलावर बोट ठेवून म्हणाला,
"हाका तण खंय?"

खरंच.
एवढ्या बारीक रेघा, ढगाला शंभर, लाटेला शंभर,
आणि बैलाच्या तोंडापुढे कोरा कागद.
दोनशे वर्षं.

तोवर खडक सुकत आला.
शिंगं आधी गेली.
मग पाठ, तुकड्यातुकड्यानं,
भगदाडं मोठी होत गेली आणि मधली अक्षरं सुटी पडली,
हे मी आधी कुठं तरी पाहिलं होतं.

"बाये, आनीक एक कळशी?"
हो म्हटलं.
मापं सगळी घेऊन झाली होती.